प्रश्न बाळाच्या बापालाही विचारा : दवाखाने आणि पाळणाघरे चालवणाऱ्यांना खुले पत्र

बालरोगतज्ज्ञ, प्रसूतिगृहांतील आणि लसीकरण केंद्रांतील परिचारिका, तसेच पाळणाघरे व बालवाड्या चालवणारे सर्व जण यांस,

सविनय नमस्कार.

लहान मुलांच्या संगोपनात वडिलांनी अधिक लक्ष घालावे, असे आता जवळपास सगळेच म्हणतात. हा उपदेश सहसा वडिलांना केला जातो, कधी त्यांना नोकरी देणाऱ्यांना आणि कायदे करणाऱ्यांना केला जातो, आणि त्यात चूक काहीच नाही. मात्र या सगळ्या चर्चेत आपण मंडळी बाजूलाच राहता. मूल जन्मल्यापासून शाळेत जाईपर्यंत ज्या ज्या ठिकाणी त्याची नोंद होते, तपासणी होते, त्याच्याविषयी सूचना दिल्या जातात आणि काही दुखले-खुपले तर जिथून घरी फोन जातो, ती सारी ठिकाणे आपल्या हाती आहेत. मुलाचे कोणी पाहायचे, हे नवरा-बायकोत ठरायच्या आधीच बऱ्याचदा आपल्या नोंदवहीत ठरून गेलेले असते. म्हणून हे पत्र आपल्या नावे लिहीत आहे.

मी दोन लहान मुलांचा बाप आहे. पत्नीच्या नोकरीच्या वेळा माझ्यापेक्षा कडक असल्यामुळे मुलांचे जेवणखाण, आंघोळी, आजारपणे आणि रात्रीची जागरणे यांचा मोठा वाटा पहिल्यापासून माझ्याकडे आला. यात काही पराक्रम आहे असे मला वाटत नाही. घराघरांत बायका हेच करतात आणि त्यांच्याविषयी कोणी कौतुकाचे चार शब्दही बोलत नाही. तरीही आपल्या तपासणी कक्षात जे घडते ते एकदा तपशिलाने सांगितले पाहिजे, कारण ते इतके सवयीचे झाले आहे की आपल्या लक्षातही येत नसावे.

बाळ माझ्या मांडीवर असते. ताप रात्री कितीवर गेला, शेवटची लघवी केव्हा झाली, उलटी झाली ती दूध प्यायल्यावर किती वेळाने झाली, हे मला माहीत असते, कारण रात्रभर मीच जागा होतो. डॉक्टर पहिला प्रश्न विचारतात तेव्हा त्यांची नजर माझ्या खांद्यावरून पलीकडे जाते आणि शेजारी बसलेल्या पत्नीवर स्थिरावते. ती माझ्याकडे पाहते. मी उत्तर देतो. डॉक्टर ते तिच्याकडे पाहत लिहून घेतात आणि पुढचा प्रश्न पुन्हा तिलाच विचारतात. अशा रीतीने आम्ही तिघे मोठी माणसे एका तान्ह्या मुलाभोवती बसून त्रिकोणी संभाषण करत राहतो आणि शेवटी औषध कसे द्यायचे ते तिला समजावून सांगितले जाते, जे घरी जाऊन ती मला सांगणार असते. एकटा गेलो तर प्रश्न वेगळा असतो. "आई आल्या नाहीत का?" आल्या नाहीत म्हटल्यावर स्वर किंचित बदलतो आणि सूचना कागदावर लिहून मिळतात, "घरी दाखवा" या सांगण्यासह.

यात माझा अपमान झाला, अशी माझी तक्रार नाही. घरी आम्ही यावर हसतो. तक्रार दोन गोष्टींची आहे. एक म्हणजे ज्याच्याकडे माहिती आहे त्याला सोडून दुसऱ्याला विचारल्याने ती माहिती वाटेतच सांडते, आणि आजारी बाळाच्या बाबतीत ते बरे नव्हे. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. मी थोडा आगाऊ आहे, मधेच बोलतो, म्हणून निभावते. पण पहिलटकर बाप बहुधा बुजलेला असतो. दोन-तीन भेटींत आपल्याला कोणी काही विचारत नाही हे त्याच्या ध्यानात येते, चौथ्या भेटीला तो बाहेरच्या बाकावर पिशवी सांभाळत बसतो, आणि त्यानंतर येणे बंद करतो. तो आळशी होता म्हणून आला नाही, असे मग सगळेच म्हणतात, त्याची बायकोसुद्धा.

आपली बाजूही मला समजते. बाहेर रांग असते, प्रत्येक मुलामागे मोजकी मिनिटे असतात, आणि दहा बापांना विचारले तर त्यातले बरेच जण बायकोकडे वळून "कालपासून ना गं?" असे विचारतात, हा अनुभव आपण घेतलेला असतो. मग सरळ आईलाच विचारलेले बरे, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण ज्याला कधी विचारले जात नाही, त्याला उत्तर ठाऊक असण्याची गरजच राहत नाही, आणि उत्तर ठाऊक नसते म्हणून त्याला विचारले जात नाही. हे चक्र कोणीतरी एका टोकाला थांबवले पाहिजे. आईबापांपेक्षा ते आपल्याला सोपे आहे, कारण आपल्याला केवळ आपली विचारण्याची पद्धत बदलायची आहे.

ही कुरकुर एकट्या माझी नाही. अमेरिकेतील काही अर्थशास्त्रज्ञांनी तेथील हजारो शाळांच्या मुख्याध्यापकांना एका काल्पनिक जोडप्याच्या नावे ईमेल पाठवले. त्यात आई आणि वडील दोघांचे फोन क्रमांक दिले होते आणि आमच्याशी संपर्क साधा, अशी विनंती केली होती. ज्यांनी फोन केला, त्यांनी वडिलांच्या तुलनेत आईला १.४ पट अधिक वेळा केला. वडिलांना अधिक सवड आहे असे ईमेलमध्येच लिहिले, तेव्हाही काही शाळांनी फोन लावला तो आईलाच. या शाळांना त्या घराची काहीच माहिती नव्हती. घरात कोण काय करते याचा अंदाज त्यांनी स्वतःच बांधला आणि त्यानुसार क्रमांक फिरवला. पाळणाघर चालवणाऱ्यांनी या प्रयोगाकडे विशेष लक्ष द्यावे, अशी माझी विनंती आहे, कारण कामाच्या मध्यात येणारा असा एकेक फोन आईच्या नोकरीतला एकेक तास खातो आणि कालांतराने वरिष्ठ तिला महत्त्वाची कामे देताना कचरू लागतात. त्याच वेळी बापाच्या कार्यालयात त्याला मूल आहे याची कोणाला आठवणही होत नाही.

पुरुषांना निसर्गतःच हे जमत नाही, असे समजणारे आपल्यातही असतील. या समजाला आधार फारसा नाही. १९६४ साली ग्लासगो येथील ६० बाळांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. रुडॉल्फ शॅफर आणि पेगी इमर्सन यांनी या बाळांना त्यांच्या घरी जाऊन वारंवार पाहिले होते. दीड वर्षाची होईपर्यंत त्यांतील सुमारे तीन चतुर्थांश बाळांना वडिलांचाही लळा लागलेला होता, आणि तोही अशा काळात जेव्हा बाळाचे करणे हे बापाचे काम मानलेच जात नव्हते. बाळाला जो भरवतो किंवा त्याचे कपडे बदलतो त्याचाच लळा लागतो, असेही दिसले नाही. त्याच्या हुंकाराला, रडण्याला जो चटकन आणि मनापासून प्रतिसाद देतो, त्याच्याकडे बाळ ओढले जाते.

शरीरही कोरे राहत नाही. फिलिपाइन्समधील सेबू येथे ६२४ तरुणांची काही वर्षांच्या अंतराने तपासणी करून केलेला अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. मधल्या काळात बाप झालेल्यांच्या शरीरातील टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाचे प्रमाण इतरांपेक्षा अधिक घटले होते, आणि रोज तीन तास किंवा अधिक वेळ मुलाचे करणाऱ्या वडिलांमध्ये ते आणखी कमी आढळले. २०१४ मध्ये इस्राएलमधील संशोधकांनी वडिलांच्या मेंदूची चित्रे घेतली. ज्या घरांत आई नव्हती आणि बापच बाळाचा मुख्य सांभाळ करत होता, तिथे बापाच्या मेंदूतील भावनिक सावधपणाशी निगडित भाग आईच्या मेंदूतल्याइतकाच सक्रिय झालेला दिसला. म्हणजे आईची म्हणून जी सावध झोप आपण ओळखतो, कूस बदलल्याच्या आवाजाने मोडणारी, ती बापालाही लागू शकते. त्यासाठी बाळ त्याच्या हाती सोपवलेले असावे लागते, एवढेच.

मानसशास्त्रज्ञ मायकेल लॅम यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ च्या सुमारास वडिलांच्या सहभागाचे तीन भाग पाडले होते : मुलाशी प्रत्यक्ष खेळणे-वागणे, मुलाच्या हाकेच्या अंतरावर असणे, आणि मुलाची जबाबदारी घेणे. मला या तिसऱ्या भागाविषयीच आपल्याशी बोलायचे आहे, कारण पहिल्या दोहोंत बाप मंडळी बरीच पुढे आलेली दिसतात. संध्याकाळी मुलाला कडेवर घेऊन फिरवणारे, खेळवणारे, सांगितले तर लंगोट बदलणारे बाप आता दुर्मीळ नाहीत. पण पुढची लस केव्हा आहे, बाळाची नखे वाढली आहेत का, डायपरचा आकार बदलायला झाला का, डाव्या कानाशी तो सारखा हात का नेतो आहे, हे कोणी न सांगता ज्याच्या डोक्यात चालू असते, तो जबाबदार माणूस. घरात असा माणूस बहुतेक वेळा एकच असतो. दुसरा, कितीही प्रेमळ असला तरी, सूचनांची वाट पाहत असतो. दमणूक होते ती कामापेक्षा या डोक्यातल्या चालू राहण्याने, हे कुठलीही आई आपल्याला सांगेल.

एक अगदी साधे उदाहरण घेऊ, जे आपल्याच कामातले आहे. तापावरच्या पॅरासिटामॉलची मात्रा वयावरून ठरत नाही, वजनावरून ठरते. एका वेळेला दर किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम, आणि दोन मात्रांमध्ये किमान चार ते सहा तासांचे अंतर, हे आपल्याला तोंडपाठ असते. बाजारात मिळणारी थेंबांची बाटली आणि पातळ औषधाची बाटली यांची तीव्रता वेगवेगळी असते, हेही आपल्याला माहीत असते. आता रात्री दोन वाजता बाळ तापले आहे, आई झोपेत आहे आणि बापाने बाटली हातात घेतली आहे. बाळाचे आत्ताचे वजन त्याला ठाऊक नाही, कारण वजनकाट्यावरचा आकडा आईला सांगितला गेला होता. आधीची मात्रा केव्हा दिली तेही ठाऊक नाही, कारण ते कुठे लिहून ठेवायचे असते हे त्याला कोणी सांगितलेले नाही. तो आईला उठवतो, तेव्हा आपण त्याला बिनकामाचा म्हणतो. तो न उठवता अंदाजाने औषध देतो, तेव्हा मात्रा कमी पडते किंवा दुप्पट होते. दोन्ही गोष्टी टाळता आल्या असत्या, जर वजनाचा आकडा सांगताना आपण मान वळवून दोघांकडे पाहिले असते आणि औषधाची वेळ लिहिण्यासाठी एक छोटा तक्ता हाती दिला असता. आमच्या घरी असा कागद औषधांच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला आहे, पेन दोऱ्याने बांधून, कारण मोकळे पेन मुले पळवतात.

प्रसूतिगृहांना मला थोडे अधिक सांगायचे आहे, कारण सुरुवात तिथे होते. बाळंतपणानंतरचे पहिले दोन-तीन दिवस बाप हा तिथला सर्वांत रिकामा माणूस असतो. तो बिले भरतो, औषधे आणतो, नातेवाइकांना फोन करतो आणि उरलेल्या वेळात दारात उभा राहून सगळ्यांच्या वाटेत येतो. नेमके याच दिवसांत बाळाला आंघोळ कशी घालायची, नाळ कोरडी कशी ठेवायची, दूध प्यायल्यावर ढेकर कशी काढायची, पाठीवर निजवायचे आणि उशी-पांघरुणांचा ढीग जवळ ठेवायचा नाही, हे सारे परिचारिका आईला शिकवत असतात. ती टाक्यांनी आणि झोपेविना बेजार असते, आणि ऐकलेल्यातले किती तिच्या लक्षात राहत असेल, हे आपण जाणताच. बापाचे दोन्ही हात मात्र रिकामे असतात. त्याला आत बोलवा आणि तेच त्याला करायला लावा. पाहून शिकता येत नाही; बाळाच्या मानेखाली तळवा घालून त्याला स्वतः उचलेपर्यंत त्याची भीती जात नाही, आणि पहिल्या आठवड्यात गेली नाही तर ती भीती पुढे सवय होऊन बसते.

कमी वजनाच्या बाळांच्या बाबतीत याला निराळेच महत्त्व आहे. १९७८ मध्ये कोलंबियातील बोगोटा येथे डॉ. एडगर रे सानाब्रिया यांनी, काचपेट्या अपुऱ्या पडत असल्याने, अशा बाळांना छातीशी उघड्या त्वचेला लावून ठेवण्याची पद्धत सुरू केली. आज ती कांगारू पद्धत म्हणून सर्वत्र ओळखली जाते आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये अशा बाळांसाठी ती जन्मानंतर लवकरात लवकर सुरू करावी व दिवसाचे ८ ते २४ तास चालू ठेवावी, अशी शिफारस केली. एकट्या आईने, विशेषतः शस्त्रक्रियेतून उठलेल्या आईने, इतके तास कसे काढावेत? बापाची छाती तितकीच उबदार असते. ज्या प्रसूतिगृहांत भेटीच्या वेळेचा नियम बापालाही लागू आहे, त्यांनी तो नियम आजच काढून टाकावा. बाप भेटायला येणाऱ्या पाहुण्यांपैकी नसतो.

आणखी एक विषय आहे, ज्याविषयी घरच्यांपैकी कोणीच बोलत नाही, म्हणून तो आपण बोलला पाहिजे. बाळाचे रडणे दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून वाढू लागते, सहाव्या आठवड्याच्या आसपास सर्वाधिक होते आणि तीन-चार महिन्यांत ओसरते. सगळे करून पाहिले तरी बाळ रडतच राहते, असे तास येतात, आणि अशाच एखाद्या तासाला कोणीतरी संतापाने बाळाला गदागदा हलवते. त्यातून मेंदूला होणारी इजा जीवघेणी असू शकते, आणि असे करणाऱ्यांत बाप किंवा घरातील दुसरा पुरुष असण्याचे प्रमाण मोठे आहे. न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम भागातील रुग्णालयांनी घरी सोडण्यापूर्वी आईसोबत वडिलांनाही याची माहिती द्यायला आणि समजल्याची सही घ्यायला सुरुवात केली, तेव्हा अशा इजांचे प्रमाण ४७ टक्क्यांनी घटल्याचे २००५ मध्ये नोंदले गेले. पुढे पेनसिल्व्हेनियात तोच उपक्रम राज्यभर राबवल्यावर तशी घट दिसली नाही, हेही सांगितले पाहिजे. एक पत्रक आणि एक सही यांनी सारे साधते असे नाही. पण रडण्याचा असा चढ येणार आहे आणि तो उतरणार आहे, सहन झाले नाही तर बाळाला सुरक्षित जागी पाठीवर ठेवून पाच मिनिटे खोलीबाहेर जाण्यात काही गैर नाही, हे बापाला कोणी सांगितलेलेच नसेल, तर त्याने ते कुठून जाणावे?

याला लागूनच बापाच्या मनाची गोष्ट येते. बाळंतपणानंतर आईला येणारे नैराश्य आता आपल्या तपासणीत आले आहे, ही फार मोलाची गोष्ट झाली. २०१० मध्ये अमेरिकन वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात ४३ अभ्यासांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. गरोदरपणापासून बाळ वर्षाचे होईपर्यंतच्या काळात सुमारे १० टक्के वडिलांमध्येही नैराश्य आढळते आणि आई व बाप यांच्या नैराश्याचा परस्परांशी संबंध असतो, असे त्यात दिसले. आईसाठी १९८७ मध्ये तयार झालेली एडिनबरो येथील दहा प्रश्नांची चाचणी पुरुषांसाठीही वापरता येते. गुणांची मर्यादा तेवढी थोडी खाली घ्यावी लागते. पुरुषाचे नैराश्य रडण्यातून कमी आणि चिडचिडीतून, उशिरा घरी येण्यातून, कामात स्वतःला गाडून घेण्यातून जास्त दिसते. लसीच्या भेटीला आलेल्या बापाला "तुम्हाला झोप मिळते का, तुमचे कसे चालले आहे?" एवढे विचारायला किती वेळ लागतो?

यावर दोन आक्षेप येतील आणि त्यांतला एक मला पूर्ण मान्य आहे. पहिला आक्षेप अंगावरच्या दुधाचा. पहिले सहा महिने केवळ आईचे दूध द्यावे, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. तान्हे बाळ दिवसरात्रीत ८ ते १२ वेळा पिते. मग बापाने करायचे काय उरते? स्तनपान सोडून सारे काही उरते. बाळाला उठवून आईपर्यंत आणणे, पिऊन झाल्यावर खांद्यावर टाकणे, कपडे बदलणे, पुन्हा निजवणे, आणि मधल्या काळात आईला सलग झोप मिळेल असे पाहणे, हे सगळे बापाने करायचे. दूध ओढताना बाळाची पकड नीट बसली आहे की नाही, हे आईला वरून दिसत नाही, समोरून दिसते. म्हणून ते ओळखायला बापालाही शिकवावे. दूध कमी पडते अशी शंका घरातली मंडळी काढतात, तेव्हा ठामपणे बोलणारा माणूसही तोच असायला हवा, आणि त्यासाठी त्याला वस्तुस्थिती आधी कळलेली असली पाहिजे.

दुसरा आक्षेप खरा आहे. बाप कक्षात असला की आई मोकळेपणाने बोलत नाही, अशी घरे असतात. काही घरांत तो मारतो, धमकावतो, पैसे देत नाही, आणि तपासणीची ती खोली हीच तिला एकटीला मिळणारी एकमेव जागा असते. बापाला आत घेण्याच्या उत्साहात ती जागा हिरावली जाता कामा नये. प्रत्येक भेटीत आईशी काही मिनिटे एकटीशी बोलण्याचा नियमच असावा, तो सर्वांना सारखा लागू असावा, म्हणजे कोणाला वेगळे काढल्यासारखे वाटणार नाही. असा नियम असला की बापाला उरलेल्या वेळात निर्धास्तपणे सामील करून घेता येईल. दोन्ही गोष्टी एकत्र चालू शकतात आणि चालल्या पाहिजेत.

सगळे रजेच्या कायद्यावर अवलंबून आहे, दवाखान्यांनी काय करायचे, असे कोणी म्हणेल. रजेचे महत्त्व मी नाकारत नाही, पण त्या कायद्यांच्या इतिहासातूनच मला आपल्या कामाचा धागा सापडतो. स्वीडनने १९७४ मध्ये बाळंतपणाच्या रजेऐवजी दोघांपैकी कोणीही घ्यावी अशी पालकत्वाची रजा आणली. मुभा पूर्ण होती, तरी त्या वर्षी वडिलांनी एकूण रजेच्या दिवसांपैकी जेमतेम अर्धा टक्का घेतले. १९९५ मध्ये एक महिना केवळ दुसऱ्या पालकासाठी राखून ठेवला गेला, न घेतल्यास तो वाया जाऊ लागला, आणि मग रजा घेणाऱ्या वडिलांची संख्या झपाट्याने वाढली. आज तिथे वडील जवळपास ३० टक्के दिवस घेतात. जपानमध्ये कायद्याने रजा भरघोस असूनही ती घ्यायला बाप कचरत. घरी मूल येणार असल्याचे कळवणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्याला मालकाने स्वतःहून रजेविषयी विचारले पाहिजे असा नियम २०२२ मध्ये लागू झाला. त्या वर्षी १७ टक्क्यांच्या आसपास असलेले रजा घेणाऱ्या वडिलांचे प्रमाण २०२४ मध्ये ४० टक्क्यांवर गेले, जरी त्यांतील अनेकांची रजा फार छोटी असते. मुभा देणे आणि नाव घेऊन विचारणे यांत इतका फरक पडतो. आपण दार कधीच बंद केलेले नाही, हे खरे आहे. बापाला यायला कोणी मनाई केलेली नाही. पण नाव घेऊन त्याला बोलावलेलेही नाही.

म्हणून मागण्या अगदी साध्या आहेत आणि बहुतेकांना पैसा लागत नाही. नोंदणीच्या अर्जावर मुलाच्या दोन्ही पालकांचे नाव आणि फोन क्रमांक यांच्यासाठी सारख्याच आकाराच्या दोन रकाना-जागा असाव्यात, आणि प्रथम फोन कोणाला करायचा हे विचारणारी एक ओळ असावी, जी पालकांनी स्वतः भरावी. लसीच्या आठवणीचा संदेश दोघांनाही जावा. पाळणाघराने ठरलेल्या व्यक्तीला फोन करावा आणि तिने उचलला नाही तरच दुसऱ्याला करावा, "बाबांना कशाला त्रास" हा विचार मनात न आणता. जिथे मूल एकट्या बापाकडे आहे, आई वारली आहे, रुग्णालयात आहे किंवा दूरगावी कामाला आहे, तिथे प्रत्येक भेटीत त्याला त्याची कहाणी नव्याने सांगायला लावू नये. एकदा लिहून ठेवावे. बाळाचे कपडे बदलण्याची फळी स्त्रियांच्या स्वच्छतागृहात असते तशी पुरुषांच्याही असावी. अमेरिकेने केंद्र सरकारच्या सार्वजनिक इमारतींसाठी २०१६ मध्ये याचा कायदा केला. आपल्या इमारतीसाठी कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. ज्यांनी गाडीच्या मागच्या आसनावर किंवा दोन खुर्च्या जोडून, एका हाताने बाळ धरून लंगोट बदलला आहे, त्यांना या फळीची किंमत कळेल.

आणि पालकसभा. ती 'माता मेळावा' या नावाने, कामाच्या दिवशी सकाळी अकराला भरत असेल, तर बाप आले नाहीत याचे आश्चर्य वाटू नये. खरे तर नोकरी करणाऱ्या आयांनाही ती वेळ सोयीची नसते, पण त्या कशीबशी रजा टाकून येतात, आणि आपल्याला वाटते की वेळ बरोबर आहे.

कौतुकाबद्दलही एक विनंती. मुलाला एकटा घेऊन आलेल्या बापाची वाहवा कृपया करू नका. हेतू चांगला असतो, तरी शेजारी दोन मुलांना घेऊन बसलेल्या बाईला ते ऐकू जाते. त्याऐवजी त्याला अवघड प्रश्न विचारा, चुकला तर दुरुस्त करा, पुढच्या वेळी काय काय लिहून आणायचे ते सांगा. विद्यार्थ्याप्रमाणे वागवलेले आम्हाला चालेल.

अर्जांचे गठ्ठे संपले की आपण नवे छापायला देता. पुढच्या खेपेला ते छापखान्यात जाण्यापूर्वी, आईचे नाव, आईचा फोन, आईची सही या तीन ओळींच्या शेजारची कोरी जागा एकदा पाहावी. आपल्यापैकी ज्यांनी हा बदल आधीच केला आहे, त्यांनी तो करताना काय अडचणी आल्या ते इतरांना कळवावे, म्हणजे प्रत्येकाला पहिल्यापासून सुरुवात करावी लागणार नाही.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
दोन मुलांचा बाप